दिनविशेष : ५ फेब्रुवारी – संत गोन्सालो गार्सिया

५ फेब्रुवारी हा संत अगाथा यांचा स्मरणदिन. सिसिलीतील ही कुमारिका तिसऱ्या शतकात रक्तसाक्षी झाली. याच तारखेला, १५९७ साली, वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया यांनी जपानमध्ये ख्रिस्तासाठी प्राण दिले. ५ तारीख संत अगाथा यांची असल्यामुळे आपण गोन्सालो यांचा सण दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला साजरा करतो.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. पण पुन्हा पुन्हा विनंती करूनही ती पूर्ण झाली नाही.

निराश होऊन ते व्यापाराकडे वळले. धंद्यात जम बसला, पण मनातली हाक शांत झाली नाही. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्या भेटीस निघाले, तेव्हा ब्रदर गोन्सालो दुभाषी म्हणून सोबत होते. पूर्वी शिकलेली भाषा आता कामी आली. क्योटो शहरात या संघाने चर्च आणि गोरगरिबांसाठी रुग्णालय उभारले.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर अडकले. त्यातून उठलेल्या वादात हिदेयोशी यांचा मिशनरींवरील संशय बळावला आणि अटकसत्र सुरू झाले. कैद्यांच्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. तेथील निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत १२ वर्षांचा लुईस इबाराकीही होता आणि पॉल मिकी यांच्यासह तिघे येशूसंघीय होते. ज्या संघात गोन्सालो यांना जागा मिळाली नव्हती, त्याच संघाचे बांधव मरणाच्या वेळी त्यांच्या सोबतीला होते.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संतपद बहाल केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

आपल्यालाही कधी नकार मिळतो आणि सारे संपले असे वाटते. अशा वेळी वसईच्या या सुपुत्राची आठवण ठेवू या.