विश्लेषण : ‘एनपीएच’ इन्शुलिनमधील ‘एच’ म्हणजे कोण?

भिवंडीतील यंत्रमाग दिवसपाळी आणि रात्रपाळीत चालतात. पाळी बदलली की कामगाराच्या जेवणाची वेळ बदलते. तो इन्शुलिनवर असेल तर औषध आणि जेवण यांचा मेळ बिघडून साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. अनेक रुग्णांच्या चिठ्ठीवर असलेल्या, दुधाळ दिसणाऱ्या ‘एनपीएच’ इन्शुलिनमधील ‘एच’ हे डेन्मार्कचे डॉ. हान्स ख्रिश्चन हागेडॉर्न (१८८८-१९७१) यांच्या आडनावाचे आद्याक्षर आहे.

हागेडॉर्न इन्शुलिनकडे कसे वळले?

कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या हागेडॉर्न यांनी ब्रांडे या लहान गावात डॉक्टरकी केली. तिथे औषधविक्रेते नॉर्मन येन्सेन यांच्यासह त्यांनी अगदी थोड्या रक्तातून साखर मोजण्याची पद्धत विकसित केली. नोबेल विजेते ऑगस्ट क्रोग यांच्या पत्नी डॉ. मारी यांना मधुमेह होता आणि त्यांचे उपचार हागेडॉर्न करत. १९२२ मध्ये क्रोग टोरांटोहून इन्शुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतले. त्याच डिसेंबरात दोघांनी गुरांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन काढले. पुढच्या वर्षी नॉर्डिस्क प्रयोगशाळा उभी राहिली.

तिथेच एका प्रतिस्पर्ध्याचेही बीज पडले. १९२४ मध्ये हागेडॉर्न यांनी थोरवाल्ड पेडरसन या सहकाऱ्याला कामावरून काढले. पेडरसन बंधूंनी ‘नोवो’ सुरू केली. १९८९ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या.

त्यांनी इन्शुलिनमध्ये काय बदलले?

सुरुवातीच्या इन्शुलिनचा परिणाम काही तासच टिके, त्यामुळे दिवसातून अनेक सुया घ्याव्या लागत. हागेडॉर्न यांनी इन्शुलिनला ट्राउट माशाच्या शुक्रद्रवातील प्रोटामाइन या प्रथिनाची जोड दिली. हे संयुग त्वचेखाली सावकाश विरघळते. १९३६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. टोरांटोच्या संशोधकांनी त्यात जस्त मिसळून परिणाम आणखी लांबवला. १९४६ मध्ये नॉर्डिस्कमध्ये दोन्ही प्रथिनांचे नेमके प्रमाण साधून ‘एनपीएच’ तयार झाले. त्यात प्रोटामाइन जास्तीचे उरत नसल्याने ते साध्या इन्शुलिनबरोबर मिसळता येते. आजचे ‘३०/७०’ मिश्रण याच तत्त्वावर बनते.

मग नवी इन्शुलिने कशाला?

हागेडॉर्न यांनी इन्शुलिनच्या रेणूला हात लावला नव्हता. ‘एनपीएच’चा जोर मधल्या काही तासांत वाढतो. झोपेपूर्वी घेतल्यास पहाटेपर्यंत साखर फार उतरू शकते. म्हणून पुढे रेणूतील अमिनो आम्लेच बदलण्यात आली. १९९६ मध्ये झटपट काम करणारे ‘लिस्प्रो’ आणि २००० मध्ये दिवसभर संथ काम करणारे ‘ग्लार्जिन’ अमेरिकेत मंजूर झाले.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

तुलनेने स्वस्त ‘एनपीएच’ आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचे स्फटिक तळाशी बसतात, त्यामुळे बाटली तळहातांमध्ये हळूहळू फिरवून द्रव एकसारखा दुधाळ करावा. पाळी बदलणार असेल तर डोस आणि वेळ आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.