मांसाचा कस गोठ्यात शोधणारा शेतकरी

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील शेतकरी बैल पाळत असे तो प्रामुख्याने नांगरासाठी आणि गाय पाळत असे ती दुधासाठी. वर्षानुवर्षे राबलेले जनावर थकले, की त्याला काही महिने चारून खाटकाकडे धाडायचे, हा सर्वसाधारण शिरस्ता होता. वयाने जून झालेल्या अशा जनावराचे मांस साहजिकच चिवट असे. मांसासाठीच जनावर जोपासावे, त्याचा बांधा, चारा आणि वय यांचा हिशेब मांडावा, हा विचार ज्यांनी पद्धतशीरपणे अमलात आणला त्यांत लेस्टरशायरच्या रॉबर्ट बेकवेलचे नाव अग्रभागी आहे.

बेकवेलचा जन्म १७२५ मध्ये लफबरो गावाजवळील डिशली येथे झाला. त्याचे वडीलही शेतकरीच होते. जमीन मात्र मालकीची नव्हती. सुमारे ४४० एकरांची ती शेती हे कुटुंब खंडाने करीत असे. तरुणपणी त्याने ठिकठिकाणी हिंडून शेतीच्या आणि पशुपालनाच्या रीती डोळसपणे पाहिल्या. १७६० मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर सगळी सूत्रे त्याच्या हाती आली.

त्याने प्रथम लक्ष घातले ते चाऱ्यात. हिवाळ्यात गवत खुंटले, की जनावरे हडकत आणि उन्हाळ्यात चढलेले मांस उतरून जाई. बेकवेलने जवळच्या ओढ्याचे पाणी पाट काढून कुरणांत खेळवले. त्यामुळे गवत लवकर आणि भरघोस येऊ लागले. पाणी दिलेल्या तुकड्याशेजारी कोरडा तुकडा राखून तो पाहुण्यांना दोहोंतील फरक दाखवीत असे. हिवाळ्यासाठी सलगम आणि कोबी यांची लागवड होती. हे सलगम पाटाच्या पाण्यात सोडले, की वाहत गोठ्यापर्यंत येत आणि वाटेत धुऊनही निघत.

मात्र चारा मुबलक असून भागत नाही. तो अंगी लावून घेणारे जनावर हवे, हे त्याने ओळखले. निरनिराळ्या जातींची जनावरे शेजारीशेजारी बांधून कोण किती खातो आणि किती भरतो, याची तो तुलना करी. लांब शिंगांच्या लाँगहॉर्न जातीतील कॅनलीच्या गाई आणि वेस्टमोरलंडचा वळू निवडून त्याने जवळच्या नात्यातच पैदास चालवली. या वंशातील टूपेनी नावाचा वळू पुढे विशेष गाजला. हाडे बारीक, कातडी मऊ आणि ज्या भागांना बाजारात अधिक भाव त्या पाठ व पुठ्ठ्यावर मांस भरपूर, असे जनावर त्याला हवे होते. कापलेल्या जनावरांचे सांगाडे आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेले मांसाचे तुकडे त्याने जपून ठेवले होते. एका पिढीची दुसरीशी तुलना करण्याचे ते त्याचे साधन होते.

डिशलीला येणाऱ्यांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटे. तेथील दांडगे वळू एखाद्या पोरामागेही निमूटपणे चालत. जनावराला मारझोड करण्यास बेकवेलची सक्त मनाई होती. या आग्रहामागील एक कारण आधुनिक विज्ञानाने नंतर उलगडले. कत्तलीपूर्वी बिथरलेल्या, दमलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखरेचा साठा संपतो. मग मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही आणि ते काळपट, कोरडे दिसते.

त्याच्या यशाला दुसरी बाजूही होती. त्याच्या लाँगहॉर्नवर चरबी लवकर चढे; पण मांसाला चव आणि रसाळपणा देते ती मुख्यतः स्नायूंच्या आत विखुरलेली चरबी, कातडीखालचा जाड थर नव्हे. त्याने विकसित केलेल्या न्यू लेस्टर मेंढ्यांचे मांसही अतिशय चरबीदार होते. श्रीमंतांच्या जिभेला ते फारसे रुचले नाही. कष्टकऱ्यांना मात्र ती चरबी मोलाची होती. मांसावर सारा भर दिल्याने गाईंचे दूध आणि प्रजननक्षमता घटली. अखेरीस मांस आणि दूध दोन्ही देणाऱ्या शॉर्टहॉर्नने लाँगहॉर्नला मागे सारले. ती जात नावारूपाला आणणाऱ्या कॉलिंग बंधूंनी डिशलीचीच पद्धत गिरवली होती.

बेकवेल आपले वळू आणि मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देई. काही शिलिंगांपासून सुरू झालेले मेंढ्याचे भाडे पुढे शेकडो गिनींवर गेले. पैदाशीचे तपशील मात्र तो गुप्त ठेवी. पाहुण्यांच्या सरबराईवर त्याचा हात सढळ होता आणि खर्चही अफाट. १७७६ मध्ये त्याच्यावर दिवाळखोरीची पाळी आली. तरीही तो पुन्हा उभा राहिला. १७८३ मध्ये मेंढ्यांच्या पैदासकारांची डिशली सोसायटी स्थापन झाली. १ ऑक्टोबर १७९५ रोजी तो अविवाहितच निवर्तला.

पुढे १८५९ मध्ये चार्ल्स डार्विनने आपल्या उत्क्रांतीविषयक ग्रंथात मानवाने केलेल्या निवडीचा दाखला देताना बेकवेलचा नामोल्लेख केला. त्याचे लाँगहॉर्न मागे पडले. पण मांसाचा कस खाटकाच्या ओट्यावर नव्हे, तर कुरणात, दावणीत आणि वंशावळीत ठरतो, ही त्याने घालून दिलेली दृष्टी टिकून राहिली. एकाच गुणाचा ध्यास घेतला, की दुसरे गुण हातचे जातात, हा त्याच्याच गोठ्यातील धडाही पशुपैदासकारांना तितकाच मोलाचा ठरला.