५० पैकी ३ रिंगा पास झाल्या, आणि त्यातूनच होंडा कंपनीचा पाया घातला गेला

नागपुरातल्या सीताबर्डीत व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर एखादी जुनी टू-स्ट्रोक गाडी थांबली की मागचे लोक नाकाला रुमाल लावतात. गाडी धूर सोडते, चढावर दम टाकते. मेकॅनिक दोन किका मारून सांगतो, बोअर करावं लागेल, पिस्टन-रिंग बदलावी लागेल. मग पुढचा प्रश्न: ओरिजिनल किट टाकायचं की स्वस्तातलं लोकल? दिसायला तर दोन्ही सेम.

या सेम दिसणाऱ्या रिंगांनी एका माणसाची काही वर्षं खाल्ली होती. त्याचं नाव सोइचिरो होंडा.

होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानच्या हामामात्सूजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार होते, पुढे सायकली दुरुस्त करू लागले. पंधराव्या वर्षी शाळा सोडून सोइचिरो टोकियोच्या आर्ट शोकाई या गॅरेजात कामाला लागले. सुरुवातीला त्यांच्याकडे काम होतं मालकाचं मूल सांभाळण्याचं. पण हात असा बसला की १९२८ मध्ये मालकाने त्यांना हामामात्सूत शाखा काढून दिली.

दुरुस्तीचा धंदा जोरात होता. पण होंडांना दुसऱ्याने बनवलेलं दुरुस्त करायचं नव्हतं, स्वतः काहीतरी बनवायचं होतं. त्यांनी निवडली पिस्टन रिंग.

आता ही रिंग करते काय? पिस्टन तापला की फुगतो, म्हणून तो आणि सिलिंडर यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. ती फट रिंग बंद करते. रिंग फार कडक झाली तर सिलिंडरला ओरखडे पाडते, ठिसूळ झाली तर तुटते. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि रिंग दर फेऱ्याला त्यांच्यावरून घासत जाते. तिथे तुकडा अडकला की पिस्टनसकट सगळं गेलं.

होंडांच्या रिंगा जमेनात. शेवटी ते एका तंत्रशाळेतल्या शिक्षकाकडे गेले. तपासणीत कळलं की धातूत सिलिकॉन कमी आहे. सिलिकॉनचा इथे काही संबंध असतो, हेच होंडांना ठाऊक नव्हतं. मग तिशी ओलांडलेला हा गॅरेजवाला धातुशास्त्र शिकायला पोरांसोबत वर्गात जाऊन बसला. परीक्षा दिल्या नाहीत, त्यामुळे पदवीही मिळाली नाही.

अखेर रिंग जमली. पण खरी परीक्षा पुढे होती. टोयोटाला द्यायच्या मालातून ५० रिंगा तपासल्या गेल्या. पास झाल्या फक्त ३.

एक चांगली रिंग बनवणं वेगळं आणि हजारो रिंगा एकसारख्या बनवणं वेगळं, हे होंडांना तेव्हा कळलं. ते विद्यापीठं आणि पोलादाचे कारखाने पालथे घालत फिरले. जवळपास दोन वर्षांनी माल पास होऊ लागला आणि टोयोटाच्या ऑर्डरी सुरू झाल्या.

मग युद्ध आलं. एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा जानेवारी १९४५ च्या भूकंपात कोसळला. उरलंसुरलं होंडांनी टोयोटाला साडेचार लाख येनला विकलं.

१९४६ मध्ये पुन्हा शून्यातून सुरुवात झाली. लष्कराच्या वायरलेस सेटची छोटी टू-स्ट्रोक इंजिनं त्यांनी सायकलींना बसवली. ती संपली तेव्हा स्वतःचं इंजिन बनवलं. सप्टेंबर १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढे होंडांनी फोर-स्ट्रोकची वाट धरली, तरी भारतात १९८४ च्या सुमारास पुण्याच्या फिरोदियांसोबत आलेली कायनेटिक होंडा टू-स्ट्रोकच होती. ५ ऑगस्ट १९९१ रोजी होंडा गेले.

म्हणून बर्डीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर डब्यावरच्या नावात नाही. आधी बोअर मोजून घ्या, त्या मापाचाच ओव्हरसाइज पिस्टन घ्या, आणि रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांमधली फट तपासून मागा. लोकल किटही चांगलं निघू शकतं. पण आपण जादा पैसे मोजतो ते चांगल्या रिंगेसाठी नाही, तर प्रत्येक डब्यात तशीच रिंग निघेल या खात्रीसाठी.