अपवाद नको, समता हवी : राल्फ बंच

राल्फ बंच यांचा जन्म १९०३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहान वयातच आई निवर्तली आणि लॉस एंजेलिस येथे आजी लूसी जॉन्सन यांनी त्यांचा सांभाळ केला. १९३४ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. प्रबंधासाठी त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील दोन प्रदेशांच्या फ्रेंच कारभाराची तुलना केली होती. टोगोलँड हा राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचा, तर डाहोमी ही उघड वसाहत. शासित जनतेच्या वाट्याला येणाऱ्या राजवटीत मात्र फारसा फरक नाही, असे त्यांना आढळले.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार होत असताना परतंत्र प्रदेशांविषयीच्या प्रकरणांना आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परंतु त्याच सनदेने ब्रिटन आणि फ्रान्स या साम्राज्यधारी सत्तांना सुरक्षा परिषदेत नकाराधिकारही दिला.

सप्टेंबर १९४८ मध्ये पॅलेस्टाईन प्रश्नातील मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली आणि ती जबाबदारी बंच यांच्यावर आली. जानेवारी १९४९ मध्ये ऱ्होड्स बेटावर बोलणी सुरू झाली. जुलैपर्यंत इस्रायलचे इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन व सीरिया यांच्याशी शस्त्रसंधी करार झाले. १९५० चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे बंच हे कोणत्याही क्षेत्रातील पहिले कृष्णवर्णीय नोबेल मानकरी ठरले.

मायदेशी मात्र वर्णभेद कायम होता. वॉशिंग्टनमधील वर्णविभाजनामुळे त्यांनी अध्यक्ष ट्रुमन यांनी देऊ केलेले परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ पद नाकारले. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स येथील टेनिस क्लबाने त्यांच्या मुलाला सदस्यत्व नाकारले. वृत्तपत्रांत गवगवा होताच क्लबाने माफी मागून सदस्यत्व देऊ केले. पण हा वांशिक समतेचा स्वीकार नसून आपल्या नावलौकिकापुरता केलेला अपवाद आहे, हे ओळखून बंच यांनी ते स्वीकारले नाही.

१९६० मध्ये काँगोत संयुक्त राष्ट्रसंघाचे प्रतिनिधित्व करताना त्यांनाही मर्यादा जाणवल्या. कटांगा प्रांताची फुटीरता मोडण्यासाठी या फौजेने बळ वापरावे, अशी पंतप्रधान लुमुम्बा यांची अपेक्षा होती. फौजेला तो अधिकार दिलेला नव्हता. लुमुम्बांचा अविश्वास बंच यांच्यापर्यंत पोहोचला. प्रतिनिधी कृष्णवर्णीय असला, तरी निर्णयाची सूत्रे न्यूयॉर्कमध्येच होती.

१९६५ मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही ते सेल्मा येथील मतदान हक्काच्या पदयात्रेत सहभागी झाले. ९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. शांतता ज्यांच्या भूमीवर प्रस्थापित करायची, त्यांचा निर्णयात वाटा किती, हा टोगोलँडच्या अभ्यासातून उभा राहणारा प्रश्न आजही आंतरराष्ट्रीय शांतिकार्यापुढे तसाच आहे. एखाद्या कर्तबगार व्यक्तीला उच्चपद दिल्याने तो सुटत नाही, हे बंच यांच्या जीवनाने दाखवून दिले.