चर्चमध्ये टाळ-मृदंग आणणारे आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही आपलं म्हणणारे रेव्हरंड टिळक

काशीदच्या बीचवरून रेवदंड्याकडे निघालं की वाटेत कोर्लई लागतं. किल्ला बघायला सगळेच थांबतात, पण खाली गावात एक वेगळीच गोष्ट आहे. इथली ख्रिश्चन मंडळी घरात आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलतात. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, भाषा मात्र मागे राहिली.

कोकणात ख्रिस्ती धर्म असा परक्या भाषेचा हात धरून आला. तसं फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्येच गोव्यात मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं होतं. पण पुढे इंग्रजांच्या काळात मिशनच्या चर्चमध्ये गाणी भाषांतरित आणि चाली विलायती, असाच प्रकार जास्त होता.

हे चित्र बदललं ते कोकणातच जन्मलेल्या एका चित्पावन ब्राह्मणाने. नाव नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हे, हे दुसरे टिळक.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. शिक्षण कल्याण आणि नाशिकला झालं. संस्कृतवर हुकमत, कविता हातात आणि पाय एका जागी न टिकणारा. 1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाल्या.

टिळकांना एक प्रश्न छळायचा. जातीपातीत विभागलेल्या या देशाला एकत्र बांधेल असा धर्म कुठला? एकदा तर नवा धर्मच काढावा असं त्यांच्या मनात आलं होतं.

अशातच नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. सुरुवातीला फारसं मन लागलं नाही. पण येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि टिळक तिथेच थांबले.

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत काय होती हे समजण्यासाठी पाचच वर्षं मागे जायला हवं. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्यांसारख्यांवर ग्रामण्य आलं होतं. इथे तर माणसाने धर्मच बदलला होता.

टिळकांचं घर मोडलं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे पंढरपूरला राहिल्या. चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे होते. पुढे त्या नगरला आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जात माणसाने केलेली आहे हे लक्ष्मीबाईंना हळूहळू स्वतःलाच पटत गेलं आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सगळी ओढाताण त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हसत-रडत लिहून ठेवली आहे.

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक शिकवू लागले. 1904 मध्ये ते रेव्हरंड झाले. 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. बालकवी ठोमरे याच घरात मुलासारखे राहिले.

पण टिळकांचं मोठं काम झालं ते उपासनेत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. येशूपर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून पोचलो, मग येशूला हाक मारताना तुकोबांची भाषा का सोडायची? त्यांनी येशूवर अभंग रचले, भजनं रचली. ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग नगरला आधीही झाले होते, टिळकांनी त्यात जीव ओतला. हातात टाळ, समोर श्रोते, पूर्वरंग-उत्तररंग सगळं तसंच, फक्त आख्यान ख्रिस्ताचं. बाकावर गप्प बसून ऐकणारी मंडळी आता ठेका धरून गाऊ लागली.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. हातात पैसा आधीच टिकत नव्हता, तोही आधार गेला. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला.

दरबारात येण्यासाठी बाप्तिस्म्याची अट नव्हती. येशूला गुरू मानणारा कुणीही, कुठल्याही जातीचा माणूस इथे चालणार होता. ख्रिस्ती झालं की माणूस आपल्या समाजातून, देशातून तुटतो, हेच टिळकांना मोडायचं होतं. त्या काळात हे धाडस दोन्ही बाजूंना पचणारं नव्हतं. सनातन्यांच्या लेखी ते बाटलेले होते, आणि बाप्तिस्म्याशिवाय कसली मंडळी, हा प्रश्न चर्चमध्येही होताच.

दरबाराला आयुष्य मात्र फार मिळालं नाही. 9 मे 1919 ला मुंबईत टिळकांचं निधन झालं. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईंनी एकेकाळी नवऱ्याच्या घरचं पाणी टाळलं, त्यांनीच.

दरबार ओसरला, पण त्यामागचा विचार उरला. टिळकांचं चरित्र लिहिणारे इंग्रज पाद्री विन्स्लो यांनी 1922 मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' सुरू केला, तो याच वाटेवरचा.

आणि मराठी चर्चमध्ये आजही रविवारी 'उपासना-संगीत'ची पानं उघडतात, तेव्हा त्यातली कितीतरी पदं टिळकांची असतात. पेटी सूर धरते, तबला लागतो आणि मंडळी गाऊ लागतात. शेजारून जाणाऱ्याला वाटावं, कुठेतरी भजन चाललंय.

टिळकांना नेमकं हेच हवं होतं.