वाहते जळ आणि दादासाहेब फाळके

वाहत्या पाण्याला स्वतःचा आकार नसतो आणि क्षणभराचाही विसावा नसतो. म्हणूनच त्याचे चित्र घेणे अतिशय कठीण. जुन्या काळच्या काचेवरील छायाचित्रांत नदीचा खळाळ धुक्यासारखा पुसट उमटे. लाट दिसे, परंतु तिची गती हरपलेली असे. ही हरपलेली गती भारतीय कथांच्या रूपाने पडद्यावर आणणारे पुरुष म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. गोदावरी जेथे ब्रह्मगिरीवर उगम पावते, तेच हे क्षेत्र. वडील संस्कृतचे व्यासंगी असल्यामुळे पुराणकथांचे संस्कार त्यांच्यावर घरातच झाले. चित्रकलेची आवड पाहून त्यांना १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घालण्यात आले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रणही शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. पण प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले आणि तो डाव मोडला. त्यानंतर पुराणवस्तू खात्याची नोकरी व छापखान्याचा धंदा असे अनेक उद्योग त्यांनी केले.

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. रात्रंदिवस चित्रपट पाहून व प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत येताच त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडन गाठले आणि तेथून कॅमेरा मिळवला. परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याच्या वाढीची एकेक प्रतिमा चिकाटीने टिपली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर पाहता पाहता घडली. काळ लांबवता वा आखडता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्याचे कामही अंगावर घेतले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला.

त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला सुमारे सोळा प्रतिमा उमटत. प्रत्येक प्रतिमा स्थिर. प्रवाह निर्माण होई तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत. हात मंदावला तर पडद्यावरील पाणी धावू लागे. हात वेगावला तर ते संथ होई. रंग नव्हते. उन्हाची चमक आणि डोहाचा काळोख एवढ्या छायाप्रकाशावरच पाण्याचे रूप उभे करावे लागे.

१९१९ मधील ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात दादासाहेबांनी यमुनेच्या डोहातील कृष्ण व कालिया यांची झुंज दाखवली. बालकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. मंदाकिनी हे गंगेचेच एक नाव. या मूकपटाचा मोठा भाग आजही जतन केलेला आहे. पुढे ‘सेतुबंधन’ या १९३२ च्या चित्रपटाचा विषयही समुद्र ओलांडण्याचाच होता. पण तोवर बोलपट आले होते आणि मूकपटांचे दिवस सरले होते. साठी उलटलेल्या दादासाहेबांनी तरीही हार मानली नाही. कोल्हापुरात त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो १९३७ मध्ये प्रदर्शित झाला आणि तीच त्यांची अखेरची कृती ठरली. पूर्वीचे यश मात्र त्यांना पुन्हा लाभले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

गोदावरीच्या उगमाशी जन्मलेल्या या कलावंताची अखेरची कृती गंगेच्या अवतरणाची असावी, हा केवढा योग! भगीरथाने गंगा भूतलावर आणली, असे पुराण सांगते. दादासाहेबांनीही दृष्टी, संपत्ती व आयुष्य पणाला लावून भारतात चित्रपटकलेचा प्रवाह आणला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. प्रवाह पुढे कितीही विस्तारला, तरी उगमाला विसरू नये.