शोस्ताकोविच आणि पाचव्या सिंफनीचा शेवट



आपल्याकडे गाण्याच्या बैठकीनंतर चहा घेताना वाद होतो तो बहुधा लयीवरून. बंदिश तीच, राग तोच. पण एकाने ती ठाय लयीत मांडली आणि दुसऱ्याने जलद, की ऐकणाऱ्यांत दोन तट पडतात. निवृत्तीनंतर आम्ही चौघे मित्र दर गुरुवारी जमून पाश्चात्त्य संगीत ऐकू लागलो, तेव्हा तिथेही हाच वाद उभा राहिला. निमित्त झाले दमित्री शोस्ताकोविच यांच्या पाचव्या सिंफनीचे. हा वाद त्यांच्या आयुष्यात इतका गुंतलेला आहे की आधी ते आयुष्यच सांगायला हवे.

शोस्ताकोविच यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट पीटर्सबर्गला झाला. आई पियानो वाजवायची. वडील इंजिनिअर, वजन-मापे कार्यालयात नोकरीला. १९२२ मध्ये वडील गेले आणि घर अडचणीत आले. शिक्षण चालू असतानाच हा मुलगा चित्रपटगृहात मूकपटांना पियानोची साथ करून पैसे मिळवू लागला. १९२६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांची पहिली सिंफनी लेनिनग्राडला वाजली आणि लवकरच देशाबाहेरही नाव झाले.

पुढची दहा वर्षे भरभराटीची. मग जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन त्यांचा ऑपेरा बघायला आले. दोनच दिवसांनी ‘प्रावदा’त त्या ऑपेरावर निनावी अग्रलेख आला. हे संगीत नसून गोंधळ आहे आणि याचा शेवट वाईट होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. त्या काळी तिथे याचा अर्थ काय, हे सर्वांना ठाऊक होते. कालपर्यंत कौतुक करणारे एका रात्रीत गप्प झाले. त्यांचे पाठीराखे मार्शल तुखाचेव्स्की यांना जून १९३७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. मेव्हण्याला अटक झाली, मोठ्या बहिणीला हद्दपार केले. चौथी सिंफनी तयार होती, तालमी चालू होत्या. ती त्यांनी मागे घेतली. ती पुढे पंचवीस वर्षे कोणी ऐकली नाही.

पाचवी लिहिली ती या काळात. २१ नोव्हेंबर १९३७ रोजी लेनिनग्राडला येव्गेनी म्राविन्स्की या चौतीस वर्षांच्या, फारसे नाव नसलेल्या संचालकाने ती प्रथम सादर केली. तिसरा संथ भाग चालू असताना सभागृहात लोक रडत होते. त्या शहरात ज्याच्या घरातले कोणी उचलले गेले नाही असे घर शोधावे लागले असते. शेवटी टाळ्या अर्ध्या तासाहून अधिक चालल्या. सरकारनेही ही सिंफनी म्हणजे कलावंताने मान्य केलेली चूक, असे समजून ती उचलून धरली. शोस्ताकोविच यांनी ते खोडून काढले नाही. कसे खोडणार?

आता तो वाद. सिंफनीच्या शेवटी तुताऱ्या, नगारे आणि वर सतत ठोकला जाणारा एकच स्वर, असा मोठा जल्लोष आहे. पण तो वाजवायचा कोणत्या वेगाने? सुरुवातीच्या छापील प्रतीत तिथे मिनिटाला १८८ ठोके दिले होते, पूर्ण मात्रेचे. नंतरच्या आवृत्तीत १८४ झाले, पण अर्ध्या मात्रेचे, म्हणजे वेग जवळजवळ निम्मा! आम्ही आयुष्यभर बँकेत आकडे तपासले, त्यामुळे अशी चूक बघून हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

लेनर्ड बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर १९५९ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण जलद वेगाचे आहे. त्यांचा शेवटचा भाग सुमारे नऊ मिनिटांत संपतो आणि ऐकणारा खुर्चीतून उठू बघतो. त्याच वर्षी मॉस्कोच्या त्यांच्या मैफलीला शोस्ताकोविच स्वतः हजर होते आणि नंतर मंचावरही गेले. म्हणून आमच्यातल्या एका मित्राचा दावा असा की रचनाकाराला हा वेग चालत होता.

म्राविन्स्की यांनी ही सिंफनी जवळजवळ अर्धे शतक वाजवली. त्यांचा शेवट संथ आहे, नगारे छातीवर पडतात, आणि कुठेही हसू नाही. म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच तर शोस्ताकोविच यांचे विद्यार्थी. १९७४ मध्ये देश सोडावा लागलेले. त्यांनी १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर केलेले मुद्रण शेवटाला इतके जड होते की तो जल्लोष सक्तीचा वाटतो, कोणी मागे उभे राहून करवून घेतल्यासारखा. १९७९ मध्ये शोस्ताकोविच यांच्या आठवणी म्हणून एक पुस्तक निघाले, त्यातही हाच अर्थ दिला आहे. मात्र ते खरे की बनावट यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. आम्ही त्याच्यावर भार टाकत नाही. कानाने म्राविन्स्कींकडे झुकतो, इतकेच.

नंतरचे आयुष्यही सरळ गेले नाही. १९४८ मध्ये पुन्हा ठपका आणि अध्यापनाची नोकरी गेली. १९६० मध्ये ते पक्षाचे सभासद झाले, जे अनेक मित्रांना रुचले नाही. १९६२ मध्ये तेराव्या सिंफनीचे संचालन म्राविन्स्की यांनी केले नाही आणि जुनी मैत्री दुरावली. ९ ऑगस्ट १९७५ रोजी मॉस्कोत शोस्ताकोविच वारले. १९४२ मध्ये याच तारखेला, वेढ्यात उपाशी असलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांची सातवी सिंफनी वाजली होती.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी बर्नस्टाइन आणि रोस्त्रोपोविच यांची फक्त शेवटची दोन-तीन मिनिटे पाठोपाठ लावावीत. मग वेळ काढून तिसरा भाग, म्राविन्स्की यांचा, दिवे मंद करून.